मानदुखीच्या कुत्रीला घेऊन सीटी स्कॅनपर्यंत

ताराची मान दुखायला लागली तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी आधी मणक्यांमधल्या चकतीचा संशय धरला, आणि तो रास्तच होता. कुत्र्यांच्या मानदुखीत बहुतेकदा चकतीच निघते. पण विश्रांती आणि गोळ्या देऊनही दुखणं वाढत गेलं. रात्री कूस बदलताना ती किंचाळायची, पुढचा डावा पाय उचलून धरायची. एक्स-रे मात्र साफ होता. हाडातला साधारण 30 ते 50 टक्के खनिजांश गेल्याशिवाय पोखरण एक्स-रेत नीट दिसत नाही, हे डॉक्टरांनी समजावलं आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली.

रस्ता लांबचा होता. गळपट्टा काढून छातीचा हार्नेस घातला. मागच्या सीटवर घट्ट गादी आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी ठेवल्या. पोखरलेला मणका झटक्याने मोडू शकतो, म्हणून दोघांनी मिळून उचला, डोकं आणि पाठ एका रेषेत ठेवा, गाडीतून उडी मारू देऊ नका. पाण्याचं भांडं तिच्या तोंडाच्या उंचीला धरा. भूल द्यायची असते, त्यामुळे उपाशी किती तास ठेवायचं हे आदल्या दिवशीच विचारा. जुने एक्स-रे आणि दिलेल्या औषधांची यादी सोबत हवीच.

तिथे आधी पायांचे प्रतिसाद तपासले, मग रक्त आणि लघवी. रक्तात कॅल्शियम किंवा ग्लोब्युलिन (रक्तातली प्रथिनं) वाढलेलं असेल तर मायलोमाकडे, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाकडे, लक्ष जातं. गाठ फुप्फुसात पसरली आहे का, हे पाहायला छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढले. सीटीत मानेचा पाचवा मणका एका बाजूने खाल्लेला दिसला, शेजारची चकती मात्र शाबूत होती. जंतुसंसर्ग सहसा चकतीत बसतो आणि तिच्या दोन्हीकडची हाडं खातो, त्यामुळे संशय गाठीवर आला. मज्जारज्जूवर दाब किती आहे, हे एमआरआयने जास्त चांगलं कळतं.

इथे थांबू नका, गाठीचा तुकडा तपासायचा आग्रह धरा. कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या गाठींत ऑस्टिओसार्कोमा (हाडाच्या पेशींचा कर्करोग) सर्वांत जास्त आढळतो, पण तो बहुधा पायांच्या हाडांत. मणक्यात कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कर्करोग), प्लाझ्मा पेशींची गाठ किंवा दुसरीकडून पसरलेला कर्करोगही असू शकतो, आणि प्लाझ्मा पेशींची गाठ रेडिएशनला, औषधांना बऱ्याचदा चांगली दाद देते. नुसत्या चित्रावरून आशा सोडणं मला पटत नाही. ताराचा नमुना सीटीत बघत सुईने घेतला.

तोवर स्टिरॉइड सुरू करायचं का, हे तज्ज्ञांना विचारूनच ठरवा. त्याने काही गाठी तात्पुरत्या आक्रसतात आणि अहवाल फसवा येऊ शकतो. आधीच्या वेदनाशामकासोबत दिलं तर पोटात व्रण होण्याचा धोका असतो.

हाडाचा नमुना आधी मऊ करावा लागतो, म्हणून अहवालाला वेळ लागतो. तेवढ्या काळासाठी पुरेसं वेदनाशामक लिहून घेऊनच निघा. या दिवसांत पंजा उलटा पडू लागला, मागचे पाय लडखडले किंवा उभंच राहता येईना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.