कळा थांबल्या म्हणजे आराम पडला असं नसतं

मी नागपुरात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे. मे महिन्यातली भर दुपार, उमरेडच्या बाजूनं १०८ ॲम्ब्युलन्समधून एक बाळंतपणाची बाई आली, पहिलं सिझर झालेलं आणि ते लेकरू अजून सव्वा वर्षाचंही नाही. सासू सांगू लागली, "म्याडम, रातभर लई कळा येऊन राहिल्या होत्या, मंग सकाळी एकाएकी थांबल्या, आमाले वाटलं पोरीले आराम पडला."

पोटात गोळाच आला माझ्या. पहिलं सिझर असलेल्या बाईच्या चालू कळा अशा बंद पडल्या की आधी पिशवी, म्हणजे गर्भाशयच, फाटली असंच धरून चालायचं. पल्स १४० च्या वर, बीपी वरचं जेमतेम ८०, ओठ पांढरेफटक. पोटावर हात ठेवला तर बाळाचा पाय कातडीखालीच हाताला लागला, जसं काही मध्ये पिशवी नाहीच, बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर यंत्र फिरवत राहिले, ठोके कुठंच मिळेनात. लघवीची नळी (कॅथेटर) टाकली तर लघवी लाल. दोन्ही हातांना मोठ्या सुया लावल्या, रक्त जुळवायला (क्रॉसमॅचला) पाठवलं आणि ट्रॉली सरळ ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सोनोग्राफीसाठी थांबायला वेळच नव्हता.

जुन्या टाक्यांवर पिशवी उसवली होती, चीर डावीकडे खालपर्यंत गेलेली, बाळ पिशवीच्या बाहेर पोटात. मुलगी होती, गेलेली. पिशवी शिवता आली, काढावी लागली नाही, रक्ताच्या चार बाटल्या लागल्या आणि बाई वाचली.

नंतर कळलं की पहाटे गावात कोणीतरी कळा वाढवायचं इंजेक्शन कमरेत दिलं होतं. याचा मला फार राग येतो. ते औषध सलाईनमधून थेंब मोजून, सारखे ठोके बघत द्यायचं असतं, सिझरवाल्या बाईला तर त्याहून जपून, एकदा कमरेत टोचलं की ते परत काढता येत नाही. त्यात दोन बाळंतपणात दीड वर्षाचंही अंतर नाही, तेही टाक्यांना जड जातं.

सिझरनंतर नॉर्मल होतच नाही असं नाही हं, होतं. पिशवीला खालच्या भागात एकच आडवा छेद असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या २०० जणींत साधारण एकीची फाटते, पण प्रयत्न करायचा तो ओटी, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त जिथं तयार आहे तिथंच. छेद उभा, वरपर्यंत असेल तर धोका कितीतरी जास्त, मग नॉर्मलचं नावच काढायचं नाही. आणि बाहेरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतलाही आडवाच असेल असं नसतं, ते डिस्चार्ज कार्डावरूनच कळतं, आणि बायका नेमकं तेच घरी ठेवून येतात!

डिस्चार्जच्या दिवशी त्या बाईनं हळूच विचारलं, "परत लेकरू होईन का जी?" डॉक्टर मॅडम म्हणाल्या होईल, पण चांगलं अंतर ठेवून, आणि पुढच्या वेळी कळांची वाट बघायची नाही, ३६-३७ आठवड्यांतच सिझर. कार्डावर तसं लाल पेनानं लिहून दिलं. मी तिच्या नवऱ्याला तिथंच उभं करून फोटो काढायला लावला आणि तिच्या माहेरीही पाठवायला लावला, कारण बाळंतपणाला ती माहेरी गेली तर कार्ड सासरीच राहायचं.