मावशींचा धंदा

आज जळगावात भरीत घ्यायला थांबलो. पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजणाऱ्या मावशींना सहज विचारलं, हा धंदा का सुरू केला? मला वाटलं, 'आवड' म्हणतील. म्हणाल्या, "निंदणी करायची आन् मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. आता गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहतं, भाऊ!"

आपल्या वाकोदच्या भवरलाल जैनांनीही सरकारी नोकरी नाकारून १९६३ मध्ये ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. ज्या ठिबक सिंचनामुळे त्यांचं नाव झालं, ते फार नंतरचं.

पैसा हे कारण असतंच, पण माझ्या मते ते दुसरं. पहिलं, कुणापुढे हात पसरायचा कंटाळा. (आमचा व्यापारी मित्र हे वाचून हसणार. त्याचं म्हणणं, 'बापाचं दुकान होतं, बसलो!')