तुम्ही विचारलंत म्हणून: पांढरं फेरेट की काळपट?

इंग्लंडातल्या यॉर्कशरला राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात मी शेजारच्या शेतकऱ्यांबरोबर फेरेट घेऊन सशांच्या मागे जाते. त्याचे फोटो पाहिले की पुण्याची मावशी असो नाहीतर लीड्सची मराठी मंडळी, प्रश्न ठरलेला: "यातलं कामाला कुठलं चांगलं, पांढरं की काळपट?" इथले नवशिकेही हेच विचारतात. आणि जुने लोक त्यावर छातीठोकपणे एकमेकांच्या अगदी उलट उत्तरं देतात. कुणी म्हणतं पांढरं स्वभावाने गरीब, पण कामात ढिलं. कुणी म्हणतं काळपट म्हणजे रानटी रक्त, चावरं, पण सशाला सोडणार नाही. आपल्या बैलबाजारात रंग आणि भोवरे बघून बैलाचे गुण सांगतात, तशातलीच ही गोष्ट.

ज्यांनी फेरेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दिसायला मुंगसासारखं वाटलं तरी ते मुंगसाच्या नव्हे, पाणमांजराच्या कुळातलं. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने ते माणसाळवलं, आणि तेही बहुधा सशांच्या बिळात सोडण्यासाठी. ब्रिटनमध्ये ससे पिकांची फार नासाडी करतात. 1954 च्या पेस्ट्स ॲक्टने त्यांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकलेली आहे. म्हणून आजही शेतकरी फेरेटवाल्यांना बोलावतात. बिळाच्या प्रत्येक तोंडावर एक छोटी जाळी पसरायची, तिची दोरी खुंटीला बांधायची आणि फेरेट आत सोडायचं. घाबरलेला ससा बाहेर झेपावतो, त्याच्याच धक्क्याने जाळीचं तोंड आवळतं.

आता रंग. काळपट फेरेटला इथे पोलकॅट रंगाचं म्हणतात: गडद पाय, गडद शेपूट, डोळ्यांवर मुखवट्यासारखा पट्टा. पांढऱ्यातली बहुतेक अल्बिनो, लाल डोळ्यांची. अल्बिनोपणा येतो तो एका अप्रभावी जनुकामुळे. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणारं टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांच्यात नीट काम करत नाही. आई-बाप दोघंही काळपट असून दोघांच्यात हे जनुक लपलेलं असेल, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू पांढरं निघतं. म्हणजे एकाच वेतात, एकाच आईच्या दुधावर वाढलेली पांढरी आणि काळपट भावंडं असतात. मग रानटी रक्त एकात उतरलं आणि दुसऱ्यात नाही, हे कसं? रंगाने रानटीपण ठरत नाही. चावरेपणा बहुतेक वेळा माणसाच्या हाताची सवय नसल्यामुळे येतो. डोळे उघडल्यापासून रोज हाताळलेलं पिल्लू कुठल्याही रंगाचं असो, मऊच राहतं.

पण अल्बिनोपणाचा अंगावर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. मेलॅनिन नसलं की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जोडणी गर्भातच वेगळी होते. अल्बिनो फेरेटना हलणाऱ्या गोष्टी नीट टिपता येत नाहीत, हे प्रयोगशाळेत तपासून सिद्ध झालेलं आहे. मोकळ्या शेतात पळणारा ससा नजरेने पकडायचा असता तर हा मोठा दोष ठरला असता. बिळात मात्र काळोख. तिथे काळपट फेरेटचे चांगले डोळेही फारसे कामाचे नाहीत. काम करतं ते नाक, कान आणि मिशांचे केस. म्हणून सशाला बाहेर काढण्यात पांढरं मागे पडलेलं मी पाहिलेलं नाही.

उलट पांढऱ्याचा खरा फायदा आहे तो आपल्या डोळ्यांना. फेरेट बिळाच्या एका तोंडातून जातं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी तोंडातून, काटेरी झुडपांच्या आत, बाहेर पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळलेला नेचा, ओला पाला, तांबूस माती, यात काळपट फेरेट चार हातांवर असलं तरी दिसत नाही. पांढरं लगेच नजरेत भरतं. बरोबर कुत्रा असेल किंवा कुणी बंदूक घेऊन उभं असेल, तर ससा समजून फेरेटचाच जीव जायची भीती असते, आणि तिथे पांढरा रंग त्याला वाचवतो. आता फेरेटच्या गळ्यात ट्रान्समीटरची कॉलर बांधतात, तिच्यामुळे ते जमिनीखाली किती खोल आहे ते कळतं. तरी झुडपात आपल्या डोळ्यांनी दिसणं वेगळंच. बर्फ पडल्यावर अर्थात सगळं उलटं होतं.

यापुढचं जास्त महत्त्वाचं, कारण ते फारसं कुणी विचारत नाही. पांढरं होण्याच्या वाटा दोन. अल्बिनोत रंगपेशी जागेवर असतात, फक्त रंग बनत नाही. पण डोकं पांढरं असलेलं 'पांडा' किंवा कपाळापासून मानेपर्यंत पांढरा पट्टा असलेलं 'ब्लेझ' घ्या. त्यांच्यात गर्भ वाढताना रंगपेशी त्या भागापर्यंत पोचलेल्याच नसतात. याच पेशी आतल्या कानालाही लागतात. त्या नसल्या तर कान जन्मतःच निकामी राहतो. युरोपातल्या 152 पाळीव फेरेटची श्रवणतपासणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतली सुमारे 29 टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली, आणि पांडा व ब्लेझ तर सगळीच. ज्यांच्या गोंडस चेहऱ्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात, तीच ही. केवळ चेहऱ्यावरच्या पट्ट्यासाठी बहिरी पिल्लं जन्माला घालणं मला मनापासून खटकतं, आणि तसं मी विकणाऱ्यांच्या तोंडावर सांगते. बहिरं फेरेट हाकेला येत नाही, मागून हात लागला की दचकून चावतं, आणि मग 'चावरं' म्हणून त्याला टाकून देतात. प्रेमाने सांभाळलं तर घरात ते सुखाने राहतं, पण कामाला नेऊ नये.

कामासाठी मी रंगाच्या आधी आकार बघते. मादीला इथे जिल म्हणतात, नराला हॉब. हॉबचं वजन जिलच्या जवळजवळ दुप्पट भरतं. लहान जिल जाळीच्या घरांतून ती न हलवता निसटते. हॉब जाळी ओढत नेतो, आणि दणकट असल्यामुळे सशाला आतच मारून तिथेच झोपून जाण्याचा संभव जास्त. मग कॉलरचा सिग्नल शोधत फावड्याने खणत बसायचं. जिलची एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. माजावर आलेली जिल नराशिवाय तशीच राहिली तर माज लांबतो, त्यातून जीवघेणा रक्तक्षय होऊ शकतो. वसंत ऋतूच्या आधी पशुवैद्याशी बोलून इंजेक्शनची किंवा नसबंदी केलेल्या हॉबची सोय करावी.

तेव्हा मावशी, आणि लीड्सकरांनो, कुत्र्यांबरोबर काम करणार असाल तर पांढरी जिल घ्या. नाहीतर ज्या आई-बापांना बिळावर काम करताना तुम्ही स्वतः पाहिलं आहे, त्यांचं कुठल्याही रंगाचं पिल्लू. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. आणि घेण्याआधी ते झोपलेलं असताना त्याच्या मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. पाय आपटू नका, जमिनीची थरथर बहिऱ्यालाही कळते. एक कान चालू असला तरी ते उठेल, म्हणून चेहऱ्यावर पांढरा पट्टा असेल तर पशुवैद्याकडून कानांची तपासणी करून घ्या.