बरणीतले मणी

हवामान बदल मी आधी फळ्यावर आलेख काढून शिकवत असे. मुलं आलेख वहीत उतरवायची, परीक्षेत मार्कही मिळवायची. पण एक गैरसमज काही जात नव्हता: आपण धूर वाढवला नाही, दरवर्षी तेवढाच ठेवला, की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आहे तेवढाच राहील.

म्हणून खेळ घ्यायचं ठरवलं. पहिला फसला. गटांना देश केलं, कारखान्याला गुण दिले, धुराला गुण कापले. मुलं गुणांसाठीच भांडली आणि तास संपला. त्यानंतर खेळातून हार-जीत काढूनच टाकली.

दुसऱ्या खेळात एक काचेची बरणी आणि मणी, एवढंच सामान. एक मणी म्हणजे दहा पीपीएम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएम होता, म्हणून आधी २८ मणी टाकले. १९५८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर मोजमाप सुरू केलं तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता ४२० च्या वर गेला आहे. मोजून ४२ मणी केले. बरणी डोळ्यांदेखत भरत गेली, तेव्हाच वर्ग शांत झाला होता.

मग फेऱ्या. एक फेरी म्हणजे साधारण आठ वर्षं. चौघांनी एकेक मणी टाकायचा. ‘समुद्र’ आणि ‘जंगल’ झालेल्या दोघींनी एकेक काढायचा. माणूस सोडतो त्यातला जवळपास निम्मा वायू समुद्र आणि जमीन शोषून घेतात, म्हणून हे प्रमाण. टाकणारे चारच राहणार, वाढणार नाहीत. खेळण्याआधी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर अंदाज लिहून घेतला: पाच फेऱ्यांनंतर किती मणी? ही चिठ्ठी अजिबात गाळू नका, सगळा खेळ तिच्यावर उभा आहे.

बहुतेकांनी ४२ लिहिलं होतं. निघाले ५२. एका मुलाने बरणी उपडी करून पुन्हा मोजले. “बाई, आपण तर काहीच वाढवलं नाही!” उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण थांबले. मागच्या बाकावरून आवाज आला, “अरे, टाकतोय चार, काढतोय दोन.”

मग त्यांनी स्वतःच तीन टाकून पाहिले: वाढ मंदावली, थांबली नाही. दोन टाकल्यावर बरणी स्थिरावली. इथे मला सांगावं लागलं की खरा समुद्र आणि खरं जंगल कायम ठरलेलं माप काढत नाहीत. खेळातला आकडा सोयीसाठी आहे. चर्चेला निदान पंधरा मिनिटं राखून ठेवा. माझ्याकडे दहाच उरली होती, ती कमी पडली.

घंटा झाली तेव्हा ‘समुद्र’ झालेली मुलगी जागची हलली नाही. तिने मूठ उघडून दाखवली. “बाई, माझ्याकडे साठलेल्यांचं काय होतं?”

समुद्राचं पाणी आम्लतेकडे कसं सरकतं, ते तिच्या प्रश्नावरून पुढच्या तासाला घेतलं.