तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं मशीन ‘देतं’?

लास वेगासला राहायला आल्यापासून आमच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो. ग्रँड कॅन्यन बघून झालं, हूव्हर धरणावर फोटो काढून झाले, की दुसऱ्या संध्याकाळी चहाच्या वेळी प्रश्न येतोच. "तुम्ही इथलेच. तुम्हाला माहीत असेल, कॅसिनोतलं कुठलं मशीन पैसे देतं?" मग आवाज आणखी खाली आणून, "आणि किती घेऊन जायचं?" दर वेळी मी तुकड्यातुकड्यांत उत्तर देतो आणि पाहुणे शेवटी चित्रांची चाकं फिरवणाऱ्या चमचमत्या स्लॉट मशीनवरच जाऊन बसतात. म्हणून या वेळी लिहूनच काढतोय.

देणारं मशीन जवळजवळ नसतंच. कमी घेणारी असतात, आणि ती ओळखता येतात मुख्यतः व्हिडिओ पोकरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या पत्त्यांच्या खेळात. मशीन पाच पानं देतं, हवी ती ठेवायची, उरलेली एकदाच बदलून मिळतात, आणि जे जमेल त्याप्रमाणे पैसे. नेवाडाचा नियम असा की मशीनच्या पडद्यावर पत्ते असतील, तर ते खऱ्या जोडातून पिसून वाटल्यासारखेच आले पाहिजेत. स्लॉटच्या चाकावर कुठलं चित्र किती वेळा येणार हे बाहेरून कळायला मार्ग नाही. इथे मात्र 52 पानं, त्यातून पाच पानांचे 25,98,960 संच, आणि कशाला किती मिळणार ते समोर लिहिलेलं. सगळा हिशेब बसायच्या आधी करता येतो, आणि लोकांनी तो करून ठेवलेला आहे.

सगळ्यात साधा खेळ जॅक्स ऑर बेटर. गुलाम किंवा त्यावरची जोडी आली की लावलेले पैसे परत. पडद्यावरच्या तक्त्यात पहिला रकाना, एका नाण्याचा, बघायचा. फुल हाऊसला (तीन सारखी पानं आणि एक जोडी) 9 आणि फ्लशला (पाचही पानं एकाच चिन्हाची, सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक) 6 लिहिलेलं असेल तर ते ‘नऊ-सहा’. बिनचूक खेळलं तर लावलेल्या शंभरातले 99.54 परत येतात. तेच 8 आणि 5 असेल तर 97.30. 6 आणि 5 असेल तर जेमतेम 95. मशीन तेच, खुर्ची तीच, फरक दोन आकड्यांचा. स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, बारच्या काउंटरमध्ये बसवलेली मशीन्स बहुधा या खालच्या गटातली. इथली स्थानिक मंडळी जिथे जातात, स्ट्रिपपासून लांब किंवा जुन्या डाउनटाउनमध्ये, तिथे नऊ-सहा सापडण्याची शक्यता जास्त. एकाच दालनात शेजारीशेजारी चांगलं आणि वाईट मशीन असू शकतं, तेव्हा अमुक कॅसिनो चांगला असं ऐकून बसू नका. तक्ता वाचा.

एक फसगत सांगतो, कारण मी स्वतः फसलोय. डबल डबल बोनस नावाच्या खेळातही 9 आणि 6 लिहिलेलं असतं. पण तिथे दोन जोड्यांना 2 ऐवजी 1 मिळतो. चार एक्क्यांना भरमसाट देतात, ते इथून कापून. परतावा 98.98, म्हणजे कागदावर फार वाईट नाही, पण चढउतार असे की पाकीट अर्ध्या वेळात रिकामं होतं. दोन जोड्यांची ओळ बघितल्याशिवाय नोट सरकवू नका.

आता पैसे. क्वार्टरचं, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याचं मशीन, पाच नाणी, म्हणजे एका डावाला सव्वा डॉलर. पाचच नाणी का, तर रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाचे दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का) पाच नाण्यांवर 4000 नाणी, म्हणजे 1000 डॉलर मिळतात. चार किंवा कमी नाण्यांवर तो दर एका नाण्याला 250 इतकाच. मी निवांत खेळतो, तासाला 400 डाव. तासाला 500 डॉलर मशीनमधून फिरतात. नऊ-सहावर त्यातले सरासरी सव्वादोन जातात, आठ-पाचवर साडेतेरा, सहा-पाचवर 25. सव्वादोन डॉलरमध्ये तासभर करमणूक या शहरात दुसरी कुठली मिळते ते मला दाखवा.

पण ही सरासरी रॉयल धरून. रॉयल साधारण 40,000 डावांत एकदा, म्हणजे माझ्या गतीने 100 तासांत एकदा. त्यातही शंभर तास बसून एकदाही न येण्याची शक्यता 37 टक्के. तो येईपर्यंत गळती सव्वादोनची नसते, बाराच्या आसपास असते, आणि एखादी संध्याकाळ त्याच्या कितीतरी खाली जाते. म्हणून तीन तासांसाठी मी 200 डॉलर नेतो. बहुतेक वेळा पुरतात. महिन्यातून एक फेरी, वर्षाला 2400. हे पैसे आमच्या हिशेबात नाटकाच्या तिकिटांच्या खात्यातच लिहिलेले असतात. बायकोने तिथे घातलेत, मी नाही.

200 का नेतो आणि कार्ड घरी का ठेवतो, त्यामागे एक रात्र आहे. पहिले 200 तासाभरात गेले. मी एटीएमकडे गेलो, परत आलो तर माझ्या नऊ-सहावर कुणीतरी बसलेलं. शेजारी डॉलरचं मशीन रिकामं होतं. तक्ता 7 आणि 5 चा होता, मी तो वाचला होता, हे कबूल करायला अजूनही जड जातं. वाचूनही बसलो. डावाला पाच डॉलर. पहाटे घरी आलो तेव्हा 900 गेलेले होते आणि गाडीत पेट्रोल भरायला सुटे पैसे शोधावे लागले. सगळी गणितं त्या रात्री मला पाठ होती. त्यामुळे ‘आता भरून काढतो’ असं मनात येणाऱ्या पाहुण्याला मी नऊ-सहा दाखवायला नेतच नाही, फाउंटन दाखवून घरी आणतो.

बंधन घातलं म्हणून सरासरी परतावा वाढत नाही, हेही विचारणाऱ्यांना सांगावं लागतं. ‘100 जिंकलो की उठायचं’ या नियमाने मशीनच्या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. फक्त कमी डाव खेळले जातात.

भारतातून काही जण विचारतात, हेच मोबाइलवर लावू का? नको. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे. आणि जिथे पत्ते खऱ्या जोडासारखे येतात की नाही हे तपासणारं कुणी नाही, तिथे वरचा एकही आकडा लागू होत नाही.

पानं कुठली ठेवायची, हा वेगळा अभ्यास. चारच गोष्टी सांगतो. लहान जोडी असेल तर ती ठेवा, सुट्या एक्क्याच्या मोहात पडू नका. पण एकाच चिन्हाची चार पानं असतील तर लहान जोडी मोडा. गुलामाची किंवा वरची जोडी मात्र त्या चारांसाठीही मोडू नका. आणि रॉयलची चार पानं हातात असतील तर तयार फ्लशसुद्धा मोडायचा. हात थरथरतो, तरी मोडायचा.

सगळ्यात अवघड जातं ते जोडीबरोबरचं पान टाकणं. आमची आत्या सांगलीची, रमीत तिला कुणी हरवलेलं नाही. तिला मी नऊ-सहावर बसवलं. अठ्ठ्यांची जोडी आली आणि सोबत इस्पिकचा एक्का. तिने तिन्ही ठेवली.

"आत्या, एक्का टाक. नुसती जोडी ठेवलीस तर तिसरी अठ्ठी यायला तीन पानांची संधी आहे, एक्का ठेवलास तर दोनच."

"अरे, एक्का कुणी टाकतं का?"

दोन तास तिने एकही एक्का टाकला नाही. 60 डॉलर गेले. नोव्हेंबरात ती परत येतेय. फोनवर म्हटलं, या वेळी एक्के टाकायची सवय करून ये. ती म्हणाली, "बघू. इस्पिकचा नाही टाकणार."