लांबी दोनदा वाचणारा ड्रायव्हर

"सर, लांबी वरच्या ओळीत तपासलीच आहे की, मग खाली पुन्हा वाचली तर काय बिघडलं?"

आज पवईच्या ऑफिसात एका ड्रायव्हरचा (संगणकाला जोडलेले उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड पाहताना नव्या सहकाऱ्याने विचारलेला हा प्रश्न कांजूरमार्ग स्टेशनच्या गर्दीतही माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो अगदी स्वाभाविक होता.

ती लांबी, म्हणजे किती माहिती उचलायची तो आकडा, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत होती. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ती वाचून मर्यादेत असल्याची खात्री केली आणि माहिती उचलताना पुन्हा तिथूनच वाचली, तर मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (त्याच वेळी चालणारा कामाचा धागा) आकडा बदलू शकतो. मग तपासलेला आकडा एक, वापरलेला दुसरा, आणि कर्नलचा बफर (माहिती ठेवायची ठरावीक जागा) ओलांडला जातो. सी भाषेतला कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला प्राथमिक आधार मिळाला. त्यानंतर तिथे आलेला वापरकर्त्याची मेमरी वाचणारा रीडर प्रत्येक वाचनानंतर पुढेच सरकतो. तोच मजकूर पुन्हा हवा असेल, तर रीडरची प्रत मुद्दाम मागावी लागते आणि ती मागणी तपासणाऱ्याच्या नजरेत भरते. मला ही रचना आवडते ती याचसाठी. चूक अशक्य होत नाही (खालच्या थरात 'अनसेफ', म्हणजे ज्याची सुरक्षितता कंपायलर पूर्ण पडताळत नाही असा, कोड असतोच), पण ती नकळत होणे अवघड होते.

कागदावर दोन थ्रेड काढून दाखवल्यावर सहकाऱ्याला ते पटले. मात्र चालू असलेले जुने सी ड्रायव्हर केवळ एवढ्यासाठी नव्याने लिहायला वेळ कोण देणार?