आमची वाटचाल : उसात जाऊन बसलेले घर

कोल्हापूर रस्त्यावरच्या भाड्याच्या जागेत एक वेल्डिंग मशीन, एक कटर आणि लेव्हल पाइप एवढ्या भांडवलावर मी पत्र्याच्या, उचलून नेता येणाऱ्या केबिनी बांधू लागलो, तेव्हा सांगलीत या कामाला कोणी घरबांधणी म्हणत नसे. बँकेचे साहेब आजही म्हणत नाहीत. हलणाऱ्या वस्तूला गृहकर्ज कसे द्यायचे, असे विचारून त्यांनी आमची किती गिऱ्हाइके परत पाठवली, याची मोजदाद मी सोडली आहे.

आमचे घर 20 बाय 8 फुटांचे असते, कारण रुंदी वाढली की ते ट्रेलरबाहेर डोकावते. तळाची चौकट जुळवताना आम्ही काटकोन तपासायच्या नुसत्या गुण्यावर विसंबत नाही. टेप धरून दोन्ही कर्ण मोजतो आणि 3 मिलिमीटरचा फरक निघाला तरी वेल्डिंगचे टाके तोडून पुन्हा जोडतो, नाहीतर पहिल्याच उचलीत दार अडकू लागते.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आवारात चार तयार केबिनी होत्या. हलणारी घरे विकणाऱ्या मला स्वतःचीच घरे हलवता आली नाहीत, कारण दोन दिवस फोन करूनही हायड्रा, म्हणजे केबिन उचलणारी क्रेन, मिळाली नाही आणि नंतर रस्ताच उरला नाही. पाणी 57 फुटांपुढे गेले. भिंतींत भरलेल्या पफमध्ये, म्हणजे कडक फोममध्ये, पाणी सहसा मुरत नाही, त्यामुळे केबिनी तरंगल्या. तीन शेडला अडकल्या, चौथी कुंपण ओलांडून उसाच्या फडात जाऊन बसली. मशिनी मात्र गाळात गेल्या.

त्याच सुमारास आमच्याकडेच काम शिकून बाहेर पडलेल्या एका गृहस्थांनी ‘ते आता पुरातला माल विकणार’ अशी आवई उठवली आणि थर्माकोल भरलेल्या, 0.35 मिलिमीटर पत्र्याच्या केबिनी आमच्यापेक्षा 30 हजारांनी स्वस्त दिल्या. आम्ही 0.5 चाच पत्रा लावतो. घेणाऱ्याने जाडी तोंडी विचारू नये, कापलेला तुकडा मागून स्क्रू गेजने मोजावी. आणि हायड्रा आत येईल एवढी वाट नसेल, तर घर मागवूच नये.

गिऱ्हाइके फिरली; तासगावचे एक द्राक्ष बागायतदार, आमचे आबा, तेवढे फिरले नाहीत. ‘उसातली ती केबिन मलाच द्या, गड्याला घर हवेच आहे,’ म्हणत त्यांनी ती जागेवरून हलण्याआधीच पूर्ण रक्कम मोजली. त्या पैशांतून गाळात गेलेल्या मशिनींचे वायंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळणी, नव्याने झाले आणि आम्ही कुपवाडला आलो. त्या केबिनीला नवा रंग देताना उंबऱ्याच्या वीतभर वर उमटलेली गाळाची रेघ आबा आजही तशीच सोडायला लावतात.